आठवा रकाना

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळाला पाइप लावून टाकी भरत होतो. आमच्या भागात पाण्याचा दिवस ठरलेला असतो. तो हुकला की पुढचे चार दिवस बादली घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभं राहावं लागतं. सकाळचे सहा चाळीस झाले होते. पद्मावहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "भावजी, हे गेले. पहाटे साडेपाचला. तुम्हाला सगळ्यांत आधी कळवायचं असं सांगून ठेवलं होतं त्यांनी, पण मी आधी माझ्या भावाला केला. चालतंय नं?" मी "चालतंय, येतो" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. मग टाकी पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे आणखी अठरा मिनिटं, तिथंच पाइप धरून उभा राहिलो. घड्याळ बघितलं म्हणून अठरा सांगतो. रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, दीड वर्ष सांगायचं होतं, आणि ते आता राहिलं.

त्याला दीड महिना होऊन गेला. काय सांगायचं होतं, ते इथं लिहितो आहे. कॉलेजातले बरेचजण ही पुरवणी वाचतात, आणि त्यांतल्या काहींनी त्याला 'लांबी चुकलेले डॉक्टर' असं नाव ठेवलं होतं. निदान त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचावं.

अंबादास आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, मी गणित आणि संख्याशास्त्र. दोघं एकाच वर्षी लागलो. तो सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला. वडिलांचे दोन माग होते, घरातच. त्यांची खटखट ऐकत त्याने अभ्यास केला आणि त्यामुळे त्याला शांततेत झोप येत नाही, असं तो म्हणायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, अक्षर मात्र इतकं वाईट की मुलं फळा उतरवून घेताना एकमेकांना विचारत. रेघ मारताना पट्टी कधीही वापरली नाही. "हाताला काय झालंय बे?" असं मलाच विचारायचा, आणि मारायचा ती रेघ डोंगरवाटेसारखी. मी पट्टीशिवाय रेघ मारत नाही. एवढ्यावरून आमची जोडी कशी होती ते ध्यानात येईल.

चाळिशी ओलांडल्यावर त्याने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय असा होता: कापसातल्या सेल्युलोजची साखळी हव्या तितक्या लांबीला तोडणे. मला त्याने तो स्टाफरूममध्ये पद्मावहिनींच्या गळ्यातल्या माळेची उपमा देऊन समजावला. कापूस म्हणजे साखरेच्या बारीक मण्यांच्या माळा, एकेका माळेत हजारो मणी. आम्लात उकळलं की माळ तुटते, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे पडतात, आणि साधारण दोनशे मण्यांवर येऊन गाडी थांबते, कारण उरलेला भाग इतका घट्ट बसलेला असतो की आम्ल आत शिरत नाही. "दोनशेवर कोणीही आणतंय," तो म्हणाला. "तिथं ती आपोआप थांबती. मला मधेच थांबवायची हाय. पाचशे म्हटलं की पाचशे. चारशे म्हटलं की चारशे." कशासाठी, असं मी विचारलं. औषधाच्या गोळीवरचं पातळ आवरण, घट्टपणा आणणाऱ्या पावडरी, अशा बऱ्याच गोष्टी या लांबीवर ठरतात आणि त्यासाठी चांगलं लाकूड आणि चांगला कापूस वापरला जातो. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यांतून कापलेल्या काठांचे ढीग पडलेले असतात. त्यांतून का नाही करायचं? एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्याच्या वडिलांना हे पटलं नाही. मी त्यांना एकदाच भेटलो, मागाच्या शेजारी खाटेवर बसलेले होते. मुलगा काय करतो ते त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते तेलुगूत काहीतरी बोलले आणि अंबादास खो खो हसत सुटला. मग माझ्यासाठी मराठी केलं: "म्हणायलेत, मी जन्मभर तुटलेला धागा सांधत बसलो, आणि हे सरकारचा पगार घेऊन तोडायलंय." म्हातारे हसले नव्हते.

काम रविवारी चालायचं, कारण इतर दिवशी प्रयोगशाळेत मुलांची प्रॅक्टिकल्स. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका नातलगाच्या कारखान्यातून काठांची पोती यायची. ती धुवायची, बारीक कापायची, आम्लात ठरावीक मिनिटं उकळायची, ताबडतोब गार पाण्यात ओतून थांबवायची, आम्लाचा मागमूस राहणार नाही इतकी धुवायची आणि गच्चीवर वाळवायची. दळण घरच्या मिक्सरमध्ये. एकदा वहिनींनी माझ्यासमोर त्याला धरलं होतं. "शेंगाचटणीला टॉवेलचा वास मारतोय. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू, डॉक्टरेट घातलीय म्हणून?" दुसऱ्या रविवारी नवा मिक्सर आला. पण प्रयोगशाळेत गेला तो चटणीचाच जुना, आणि त्याला शेवटपर्यंत लसणाचा वास होता.

माझं काम मोजण्याचं. मला कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन रविवारांची त्याची कागदं बघितली आणि राहवलं नाही. आकडे कुठंही, कसेही, बसच्या तिकिटाच्या मागेसुद्धा. मी लाल कापडी पाठीची एक मोठी वही आणली आणि पट्टीने सात रकाने आखले: तारीख, नमुना, आम्लाचं प्रमाण, उकळलेली मिनिटं, पाण्याचं तापमान, सेकंद, लांबी. सेकंद म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. साखळीची लांबी डोळ्यांनी दिसत नाही. पावडर तांब्याच्या एका गडद निळ्या द्रावणात विरघळवायची आणि ते द्रावण काचेच्या केसासारख्या बारीक नळीतून खाली उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं. साखळी लांब असेल तर द्रावण दाट, सेकंद जास्त. आखूड असेल तर पातळ, सेकंद कमी. नळी ज्या पाण्यात उभी असते त्याचं तापमान जराही बदलून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पंचवीस अंशांचं पाणी राखणं म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको. रसाच्या गाड्यावरून बर्फ आणायचा आणि मी थर्मामीटरवर नजर ठेवून तो चमच्याने घालायचा. दशांश अंश हलू दिला नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही.

आणि चहा. पावडर निळ्या द्रावणात टाकून बूच लावलं की ती पूर्ण विरघळायला अर्धा तास द्यावा, असं पुस्तकात होतं. तेवढ्या वेळात आम्ही चहाला जायचो. कॉलेजच्या गेटपासून सात मिनिटांवर बाबूभाईंचं हॉटेल होतं. आम्ही दिसलो की ते गल्ल्यावरूनच ओरडायचे, "क्या सर, तोडे क्या धागा?" आणि अंबादास म्हणायचा, "अबी भिगाया है." दोन चहा, एक पेपर अर्धा-अर्धा. तो एकटा असता तर तासभर बसला असता, कारण त्याला टेबलावरच्या कोणाशीही बोलायला आवडायचं. पण मी घड्याळ बघून उठवायचो. जाणं सात, येणं सात, बसणं सव्वीस. चाळीस मिनिटं. परत येऊन बूच काढायचं, द्रावण नळीत घ्यायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. माझ्यामुळे या चाळीस मिनिटांत कधी मिनिटाचाही फरक पडला नाही, याचा मला अभिमान होता.

आकडे सुंदर येत होते. आम्लात अकरा मिनिटं उकळलेल्या नमुन्याला एकशे बेचाळीस सेकंद. महिन्याने पुन्हा तोच प्रयोग, एकशे बेचाळीस. पावसाळ्यात एकशे एकेचाळीस, हिवाळ्यात पुन्हा बेचाळीस. लांबी पाचशे. मी आयुष्यात इतके एकमेकांना चिकटलेले आकडे बघितले नव्हते. अंबादासला विश्वास बसायचा नाही. "एवढं सारखं येतंय म्हणजे कुठंतरी चुकायलंय आपलं," तो एकदा म्हणालासुद्धा. मी त्याला संख्याशास्त्र समजावून सांगितलं.

सातव्या वर्षी एका रविवारी बाबूभाईंचं हॉटेल बंद होतं. पुतण्याचं लग्न, सगळे गुलबर्ग्याला गेलेले. आमच्या घरी पाहुणे यायचे होते म्हणून मीच म्हणालो, चहा राहू दे, आज लवकर उरकू. अंबादासने बाटली हातात घेऊन जोरजोरात हलवली. दहा मिनिटांत द्रावण स्वच्छ दिसू लागलं. अकरा मिनिटांचाच नमुना होता. मी स्टॉपवॉच दाबलं. एकशे एकोणपन्नास. पुन्हा घेतलं, एकशे एकोणपन्नास. तिसऱ्यांदा एकशे अठ्ठेचाळीस. नेहमीपेक्षा सात सेकंद जास्त.

मी म्हणालो, "घाई झाली. नीट विरघळलेलं नाही. बारीक गाठी असणार, त्या नळीत अडकतायत. काढून टाक हे."

तो बाटली उजेडात धरून बघत होता. "गाठी दिसत न्हाईत की रे. आणि तीनदा जवळजवळ तेच आलंय."

"चुकलेली गोष्टसुद्धा तीनदा सारखी येते, अंबादास."

हे माझं वाक्य आहे. शब्द न शब्द आठवतं. त्याने बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, "ठीकाय. आकड्यातलं तू बघ, मला वासातलं कळतं." मी पट्टी ठेवली आणि त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली. सरळ. वहीत नऊ वर्षांत खोडलेली तेवढी एकच ओळ आहे.

दोन वर्षांनी प्रबंध गेला. बांधलेली प्रत त्याने मला दाखवली, तेव्हा ऋणनिर्देशात माझं नाव होतं: मोजमापं आणि आकड्यांची सगळी शिस्त यांची, चुका असतील तर त्या माझ्या. मी म्हणालो, हे असं लिहायची पद्धत असते, मला माहीत आहे. तो म्हणाला, "पद्धत असती व्हय? मला वाटलं मीच काढलं." तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात होती. पण बाहेरचे परीक्षक काटेकोर निघाले. त्यांनी नमुने मागवून घेतले आणि दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत मोजून घेतले. ज्याला आम्ही पाचशे म्हणत होतो, ते तिथं सहाशे वीस भरलं. आमचं एकही माप त्यांच्याशी जुळलं नाही. ज्या प्रबंधाच्या नावातच 'हव्या तितक्या लांबीला' असे शब्द होते, त्यातली लांबीच चूक. प्रबंध परत आला. सुधारून पुन्हा देण्यासाठी मुदत होती.

त्या दिवशी तो विद्यापीठातून थेट माझ्या घरी आला. गठ्ठा हातात होता. शुभाने, माझ्या बायकोने, पाणी दिलं. त्याने ते सगळं पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "चुकलं." मी विचारलं, कुठं? तो म्हणाला, "बघतो." आणि गेला. आठवड्याने मी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "सोड की आता. कंटाळा आलाय मला." मला ते खरं वाटलं. पन्नाशी उलटलेली होती, कंटाळा येऊ शकतो. रविवार बंद झाले. वही तो घरी घेऊन गेला. स्टाफरूममध्ये ते नाव पडलं आणि तो स्वतःच त्यावर हसायचा. मुलांना पहिल्यासारखाच शिकवायचा, पण सेल्युलोजचा धडा आला की पुस्तकातून वाचून दाखवायचा. मुदत टळली.

मग साखर. आधीपासूनच होती, लक्ष दिलं नव्हतं. तिने मूत्रपिंडं खाल्ली. शेवटची तीन वर्षं मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास डायलिसिस. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारी मी सोबत जाऊन बसायचो. खोलीत सहा पलंग, सहा यंत्रं, नळ्यांतून रक्त बाहेर जातंय आणि आत येतंय. एकदा तो त्या यंत्राला लावलेल्या पांढऱ्या नळकांड्याकडे बोट करून म्हणाला, "पूर्वी ह्याच्या आतली जाळी सेल्युलोजची करायचे. तांब्याच्या निळ्या द्रावणातून ओढून. आपलंच की रे ते." तो हळूहळू वाळत गेला. आवाज आधी गेला, मग हसणं गेलं. पायांवरची कातडी काळी पडली. पाणी मोजून प्यायला लागायचं, दिवसाला किती ते मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तहानेने तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. पण मला चहाला पाठवायचं मात्र विसरायचा नाही. दर वेळी, तासभर झाला की: "जा, चहा पिऊन ये. चाळीस मिनिटं. मी कुठं तुटत न्हाई." मी हसून जायचो.

दीड वर्षांपूर्वी मला कळलं. कसं कळलं ते सांगतो. मी मुलांना चुकीचं माप ओळखण्याबद्दल शिकवत होतो आणि उदाहरण म्हणून ती खोडलेली ओळ फळ्यावर लिहिली, पाठ होती म्हणून. लिहिता लिहिता थांबलो. नळीत गाठी अडकल्या असत्या तर आकडे वेडेवाकडे आले असते. एकोणपन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस असे आले नसते. मग त्या दिवशी वेगळं काय होतं? आम्ल तेच, पाणी तेच, नळी तीच... वेगळं एवढंच की बाबूभाई लग्नाला गेले होते. तास संपल्यावर मी रसायनशास्त्राच्या नव्या मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या निळ्या द्रावणात सेल्युलोज किती वेळ ठेवलं तर चालतं? त्या म्हणाल्या, "हवेत? हवेत अजिबात ठेवायचं नाही, सर. हवा लागली की साखळी तुटायला लागते. बाटली काठोकाठ भरायची, नाहीतर नायट्रोजन सोडायचा." आमची बाटली अर्धी रिकामी असायची. वर बूच, आत हवा.

म्हणजे आम्ही चहा प्यायचो तेव्हा बाटलीत माळ तुटत असायची. आम्ल जे करायचं ते करून थांबलेलं असायचं, पुढचं चाळीस मिनिटांत हवा करायची. आणि मी दर वेळी बरोबर चाळीस मिनिटांनी उठवायचो, म्हणून ती दर वेळी तितकीच तुटायची. कधी पंधरा मिनिटं, कधी तास असं झालं असतं, तर आकडे फाटले असते आणि पहिल्याच वर्षी चूक सापडली असती. माझ्या वक्तशीरपणाने ती नऊ वर्षं झाकून ठेवली. आणि एकदाच, एका रविवारी, ती उघडी पडली, तेव्हा मी पट्टी लावून तिच्यावर रेघ मारली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, शांतपणे बसून मी गणित केलं. चाळीस मिनिटं थांबल्यावर पाचशे. दहा मिनिटं थांबल्यावर, त्या खोडलेल्या सेकंदांवरून, पाचशे पंच्याऐंशी. मग अजिबात न थांबता किती? हे साधं गणित आहे, एकाला लांबीने भागायचं आणि ती रेघ मागं वाढवत न्यायची. उत्तर आलं सहाशे वीस. परीक्षकांचा आकडा. याच हिशेबाने आमचं प्रत्येक माप दुरुस्त होत होतं, लांब माळेत जास्त भर, आखूड माळेत कमी. अंबादासने मधेच थांबवलेली साखळी खरोखरच थांबलेली होती, दर वेळी त्याच जागी. त्याचं काम बरोबर होतं. फक्त मोजणं चुकलं होतं, आणि मोजणं माझं होतं. त्या एका ओळीवर रेघ मारली नसती, तर सगळा प्रबंध एका पानात वाचला असता.

हे त्याला सांगायचं होतं. पहिल्या मंगळवारी मी कागद खिशात घालून गेलो. त्याचं ब्लडप्रेशर उतरलं होतं, सिस्टर धावपळ करत होत्या. राहिलं. शुक्रवारी तो बरा होता, पण मी त्याच्याकडे बघितलं आणि मनात आलं, आता याला सांगून काय? तुझं बरोबर होतं, मी खोडलं, आणि आता मुदतही नाही आणि तूही... असं सांगणार? मी स्वतःला समजावलं की त्याला त्रास होईल. खरं तर मला भीती वाटत होती. तो मला 'चालतंय बे' म्हणेल याचीच जास्त. अशी दीड वर्षं. कागद खिशातून पाकिटात गेला, घडीवर फाटला, मी नवीन लिहिला. शेवटच्या मंगळवारी त्याला नीट ओळखू येत नव्हतं. मला त्याने दोनदा 'नाना' म्हणून हाक मारली. नाना म्हणजे तेलुगूत वडील. गुरुवारी पहाटे गेला.

तेराव्यानंतर पद्मावहिनींनी मला बोलावून घेतलं. माग आता नाहीत, त्यांच्या जागी त्याचं कपाट आहे. त्यांनी लाल पाठीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. "ही तुमचीच म्हणायचे. 'मी गेल्यावर द्यायची', म्हणालेले. आधी न्हाई." मी उघडली. माझे सात रकाने होते तसेच होते. सातव्याच्या पुढं, पानाच्या कडेला जिथं जागा नव्हती तिथं, पेन्सिलीने आणखी एक रेघ मारलेली होती. पट्टीशिवाय, डोंगरवाटेसारखी. प्रत्येक पानावर. वर लिहिलं होतं: चहा. आणि खाली, नऊ वर्षांच्या एकेका रविवारापुढं, त्या वाईट अक्षरात, ४०, ४०, ४०, ४०... मी पानं उलटत गेलो. खोडलेल्या ओळीपाशी 'नाही' असं लिहिलं होतं. त्याच्या बाजूला बारीक आकड्यांत गणित होतं: ४० ला ५००, १० ला ५८५, ० ला ६२०. त्याखाली तारीख. प्रबंध परत आला त्याच्या सहाव्या दिवसाची. माझ्या घरी तांब्याभर पाणी पिऊन गेल्यानंतरची, आणि 'सोड की आता, कंटाळा आलाय' म्हणाला त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे त्याला माझ्या साडेचार वर्षं आधीच कळलेलं होतं. मुदत हातात होती, गणित तयार होतं. दुरुस्त प्रबंधात फक्त लिहावं लागलं असतं की एक माप वगळलं गेलं, ते कोणी वगळलं आणि का. ते त्याने लिहिलं नाही. का नाही लिहिलं, याचा अंदाज मला आहे, पण ज्याची खात्री नाही ते मी लिहीत नाही. एवढं मात्र खात्रीने सांगतो, की तीन वर्षं मंगळवार-शुक्रवार मी त्याच्या पलंगाशेजारी बसलो, त्यातलं शेवटचं दीड वर्ष आम्हा दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघंही दुसऱ्याला माहीत नाही असं समजून गप्प बसलो होतो. आणि तो मला चहाला पाठवत होता. चाळीस मिनिटं, म्हणून.

वहिनी समोर बसल्या होत्या. "काय लिहिलंय, भावजी? मला त्यातलं काय कळत न्हाई."

"अंबादासचं बरोबर होतं, असं लिहिलंय."

"मग चुकलं कोण?"

मी म्हणालो, "मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. आतूनच म्हणाल्या, "बसा. चहा ठेवलाय." मला नको म्हणता आलं नाही. मी मागाच्या जागेवर बसून राहिलो, वही मांडीवर. हात आपोआप मनगटाकडे गेला आणि मी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

वही आता माझ्याकडे आहे. मी ती विद्यापीठात कोणाला तरी दाखवणार आहे. काही होणार नाही हे माहीत आहे, पण दाखवणार आहे. त्याआधी शेवटचं पान भरायला हवं होतं. त्यावर मी आखलेले सात रकाने होते आणि खाली सगळं कोरं. आठव्याची रेघ त्याने तिथंही मारून ठेवली होती. मी पेन्सिल घेतली, तारीख लिहिली, आणि त्या वाकड्या रेघेच्या पुढं, चहाच्या रकान्यात, लिहिलं: एकटा.